उतरण्याआधीचा फेरा

स्मरणिकेसाठी एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र थोडक्यात लिहून पाठव, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मी संगणकाच्या क्षेत्रातल्या कुणाबद्दल लिहीन असे अनेकांना वाटले असेल. मी लिहिते आहे जे. आर. डी. टाटांबद्दल. तेही त्यांच्या कारखान्यांबद्दल कमी आणि त्यांच्या विमानाबद्दल, त्यातही विमान उतरवण्याबद्दल जास्त. त्याला कारण आपल्या शाळेतलेच आहे.

आमची तुकडी तेव्हा आठवीत होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, आणि तेव्हा आपल्याच तालुक्यात असलेले सास्तूर, ही नावे त्या सकाळी साऱ्या देशाला कळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत आपल्या शाळेतल्या कित्येकांचे मामा, आत्या, आजी-आजोबा होते. ते दिवस मी इथे पुन्हा उघडत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. फक्त एक दृश्य सांगते. मदत घेऊन येणारी हेलिकॉप्टरे आम्ही पोरे तोंड वर करून बघत असू. मोकळ्या रानात कुणीतरी ओले गवत पेटवून धूर करायचा. हेलिकॉप्टर यायचे, पण सरळ खाली उतरायचे नाही. आधी एक मोठा फेरा घ्यायचे, मग लांबून वळून धुराच्या दिशेने तोंड करून हळूहळू खाली यायचे. खाली माणसे अन्नपाण्याची वाट पाहत असताना हे वर गिरक्या का घेते, याचा आम्हाला रागच यायचा.

आमच्या भूगोलाच्या सरांना मी तो प्रश्न विचारला. त्यांनी सांगितले की उतरणारा आधी वारा बघतो, जमीन बघतो आणि मगच उतरतो. घाई असते म्हणूनच त्याला फेरा घ्यावा लागतो. त्यानंतर दोन महिन्यांनी, भिंतींची भीती अजून गेली नव्हती म्हणून झाडाखाली वर्ग भरत होते, त्या दिवसांत सरांनी वर्तमानपत्र आणून एक बातमी वाचून दाखवली. २९ नोव्हेंबरला जिनिव्हात जेआरडी टाटा वारले होते. रेडिओ नव्हता, मनोरा नव्हता, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी वारा ओळखून टपालाचे विमान मुंबईत उतरवणारा हा माणूस, अशी सरांनी ओळख करून दिली. माझ्या मनात ती हेलिकॉप्टरे आणि हा माणूस तेव्हापासून जोडले गेले ते कायमचे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेदजींच्या नात्यातले आणि त्यांच्या व्यवसायातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच; लग्नानंतर ती सूनी झाली. पाच भावंडांत जहांगीर दुसरा.

त्याच वर्षी, जहांगीरच्या जन्माला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावाबाहेरच्या एका कुरणावर विमानाच्या इतिहासातली एक महत्त्वाची गोष्ट घडली. राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले ते बारा सेकंदांचे आणि सरळ रेषेतले. सरळ उडणारे विमान जिथे संपेल तिथे उतरते. त्याला घर नसते. २० सप्टेंबर १९०४ रोजी विल्बर राईटने हफमन प्रेअरीच्या त्या कुरणावर पहिल्यांदा पूर्ण वर्तुळ पुरे केले. जेमतेम दीड मिनिटाचे उड्डाण, पण विमान निघाल्या जागी परत येऊ शकते हे त्या फेऱ्याने सिद्ध झाले. आज जगातला प्रत्येक वैमानिक उतरण्यापूर्वी विमानतळाभोवती ठरावीक फेरा घ्यायला शिकतो. त्याचे मूळ शोधत मागे गेले की या कुरणापाशी येऊन थांबावे लागते.

टाटा कुटुंब उन्हाळ्यात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आर्देलो गावी राहायला जात असे. तिथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे ते पहिले. ही खाडी ओलांडण्यापेक्षा पलीकडे उतरणे किती कठीण होते, हे फारसे सांगितले जात नाही. डोव्हरच्या कड्यांवर सोसाट्याचा वारा होता. कुठे उतरायचे ते दिसावे म्हणून एक फ्रेंच पत्रकार खाली झेंडा हलवत उभा होता. ब्लेरिओ उतरले ते आदळतच. चाकांचा सांगाडा आणि पंखा दोन्ही मोडले. धुराने, झेंड्याने, हातातल्या कापडाने वरच्या माणसाला वारा आणि जागा दाखवायची ही रीत तेव्हापासूनची. आपल्याकडे १९९३ मध्ये ओल्या गवताने तेच काम केले.

आर्देलोच्या वाळूवर विमाने उतरताना पाहत जहांगीर लहानाचा मोठा झाला. पंधराव्या वर्षी त्याने तिथेच एका विमानातून पहिली चक्कर मारली आणि वैमानिक व्हायचे ठरवून टाकले.

पण माणूस ठरवतो एक आणि घडते दुसरे. शिक्षण पॅरिस, मुंबई, योकोहामा असे तुकड्यातुकड्यांत झाले. आई क्षयाने १९२३ मध्ये गेली. फ्रेंच नागरिक म्हणून एक वर्ष सैन्यात काढावे लागले. नंतर केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायचे होते, ते वडिलांनी मुंबईला बोलावून घेतल्यामुळे राहून गेले. १९२५ च्या अखेरीस जहांगीर टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी वडील वारले. बावीस वर्षांच्या मुलावर धाकट्या भावंडांचा भार आला. पदवी मिळाली नाही याची खंत जेआरडींना आयुष्यभर राहिली. देशातल्या सर्वांत मोठ्या अभियांत्रिकी कारखान्यांचा प्रमुख स्वतः इंजिनीअर नव्हता. माझ्यासारखीला, जिची पदवीची चौकट घरच्यांनी बैठकीत लावून ठेवली आहे, ही गोष्ट थोडी वरमायला लावते.

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी लगेच तिथे गेले. पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक एक होता. पुढे मिळालेल्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा हा छोटा परवाना त्यांना अधिक प्रिय होता, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

आता थोडे थांबून, उतरण्याचे शास्त्र त्या काळी कुठवर आले होते ते पाहू.

आपल्याकडे खळ्यावर उफणणी करताना माणूस आधी वारा कुठून आहे ते बघतो, मगच धान्य सोडतो. वैमानिकाचेही तसेच. विमान नेहमी वाऱ्याला सामोरे जाऊन उतरवतात. समजा, विमान हवेत ताशी ५० मैलांच्या वेगाने उतरते आहे आणि वारा ताशी १५ मैलांचा आहे. वारा समोरून असेल तर जमिनीला टेकताना वेग भरतो ३५ मैल. तोच वारा पाठीमागून असेल तर ६५ मैल. फरक दुपटीहून थोडा कमी वाटतो, पण थांबवायची असते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. हिशेब केला तर पाठवाऱ्यात उतरणाऱ्याला जवळजवळ साडेतीनपट ऊर्जा जिरवावी लागते. त्या काळच्या छोट्या विमानांच्या चाकांना बहुधा ब्रेक नसायचे. त्यामुळे वारा चुकला तर मैदान संपायचे, पण विमान थांबायचे नाही.

म्हणून आधी फेरा. मैदानावर येऊन वाऱ्याची पिशवी कुठे फुगली आहे ते बघायचे. पिशवी नसेल तर चुलीचा धूर, तळ्यावरचे तरंग, दोरीवर वाळत घातलेली धोतरे. मग मैदानाच्या एका बाजूने वाऱ्याबरोबर लांब जायचे, काटकोनात वळायचे, पुन्हा काटकोनात वळून वाऱ्याला तोंड द्यायचे आणि खाली यायचे. या काळात मैदान सतत नजरेसमोर राहते. गुरे आत शिरली आहेत का, खड्डा आहे का, दुसरे कुणी उतरते आहे का, हे दिसते. शिवाय त्या काळची इंजिने भरवशाची नव्हती. इंजिन मध्येच बंद पडले तरी फेऱ्यातला माणूस तरंगत मैदानापर्यंत पोचू शकायचा.

विमाने दोनचार होती तोवर प्रत्येकाने आपल्या मर्जीने फिरले तरी चालले. पहिल्या महायुद्धानंतर ती वाढली आणि नियम लागले. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असे ठरले की प्रत्येक विमानतळावर निशाण असावे. लाल निशाण असेल तर फेरा डावीकडून, पांढरे असेल तर उजवीकडून. एप्रिल १९२२ मध्ये फ्रान्समध्ये दोन प्रवासी विमाने धुक्यात एकाच रस्त्याचा माग धरून समोरासमोरून आली आणि आदळली. सात जण गेले. आकाश कितीही मोठे असले तरी वळणावळणाचे नियम लागतातच, हे त्या धडकेने शिकवले. लंडनजवळच्या क्रॉयडनला १९२० मध्ये पहिला नियंत्रण मनोरा उभा राहिला. अमेरिकेत सेंट लुईसला १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस ढकलगाडीवर छत्री आणि खुर्ची घेऊन मैदानात बसू लागला आणि निशाणे दाखवून विमानांना थांबा किंवा चला सांगू लागला.

पुढे डावा फेरा हाच सर्वत्र नेहमीचा झाला. मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो, त्यामुळे डावीकडे वळताना मैदान त्याच्याच खिडकीत राहते, हे त्याचे साधे कारण सांगितले जाते. आपल्या महादेवाच्या देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. विमान मैदान डाव्या हाताला ठेवून घालते. दोन्हीत केंद्रावरून नजर हलवायची नसते.

जेआरडी हे सारे अशा काळात शिकले. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जेआरडी ३ मे रोजी कराचीहून जिप्सी मॉथ विमानातून निघाले. समोरून, इंग्लंडकडून कराचीकडे, अस्पी इंजिनीअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. इजिप्तमधल्या अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. अस्पीने आभार म्हणून आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशांनी उडाले आणि अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. हाच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला प्लग दिल्याचे जेआरडींना कधी वाईट वाटले नाही. मैदानात अडकलेल्याला हात देणे त्यांच्या लेखी शर्यतीहून मोठे होते.

त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला. इंग्लंडचे टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत होते. तिथून पुढे ते आगगाडीने जायचे. ते विमानाने अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी आणि मद्रासला न्यावे, अशी ती योजना. दोराबजी टाटा राजी नव्हते. जेआरडींचे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळवले. भांडवल दोन लाख रुपये. सरकारने अनुदान नाकारले. वाटाघाटींत तीन वर्षे गेली आणि १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमान घेऊन निघाले. बरोबर सुमारे पंचवीस किलो टपाल. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. ते टाकीत ओतून विमान पुन्हा निघाले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूला उतरले. तिथे व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन तयार होते. ते टपाल घेऊन बेल्लारीला मुक्कामाला गेले आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचले.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाटी. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक शेड हेच विमानघर आणि हीच कचेरी. रेडिओ नाही, दिवे नाहीत, खालून सूचना देणारे कुणी नाही. वारा समुद्रावरून येणारा, दिवसभर बदलणारा. अशा जागी उतरायचे तर फेरा घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी सगळे तपासण्याला पर्याय नव्हता. पुस मॉथमध्ये मात्र एक गमतीची सोय होती. चाकांच्या दांड्यांवरची पत्र्याची आवरणे नव्वद अंशांत फिरवता येत. ती आडवी केली की हवा अडायची आणि विमान उतरताना हळू व्हायचे. ब्रेक जमिनीवर नव्हे, तर हवेत लागायचा. इतक्या साध्या युक्तीने सुटणारा प्रश्न पाहिला की माझ्यातल्या इंजिनीअरला आजही आनंद होतो.

पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जायचे. मग सगळा संसार, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ, पुण्याला हलायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या माळावरून टपाल चालायचे. पावसात घाटावरून उडणे म्हणजे काय, हे खंडाळ्याचा धुक्यातला रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. तरीही टपाल वेळेवर पोचायचे. पहिल्या वर्षात या मूठभर माणसांनी सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले, दहा टनांहून अधिक टपाल वाहिले आणि साठ हजार रुपये नफा कमावला. पुढे या मार्गावर हैदराबादही आले. नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये पट्टी ठेवून पाहा. रेघ आपल्या उमरग्याच्या उत्तरेला थोड्याच मैलांवरून जाते. आपला तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि खाली सोलापूर-हैदराबादचा रस्ता होता, तोच आजचा आपला महामार्ग.

यानंतरचे जेआरडी सर्वांना माहीत आहेत, म्हणून भराभर सांगते. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे प्रमुख झाले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळातल्या विमानप्रवासात गेले. जेआरडींचा सर्वांत जवळचा सहकारी हरपला. १९४५ मध्ये टेल्को आणि होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४६ मध्ये एअर इंडिया हे नाव, ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला मलबार प्रिन्सेसचे पहिले उड्डाण. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना ते पटले नव्हते, तरी त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे ते विनावेतन सांभाळले. विमानातून जाताना ते चहाचा रंग, पडद्यांची सुरकुती, खुर्चीचा कोन टिपून ठेवत आणि परतल्यावर त्याच्या चिठ्ठ्या पाठवत. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. संगणकाच्या ज्या धंद्यावर आपल्या वर्गातली निम्मी घरे पुण्यात आणि हैदराबादेत उभी आहेत, त्याचे हे एक मूळ.

मुंबईत जुहूपासून जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला आणि फेऱ्याचे महत्त्व वेगळ्या रीतीने समोर आले. १९५३ मध्ये बीओएसीचे कॉमेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८, दोन्ही सांताक्रूझ समजून चुकून छोट्या जुहूवर उतरली. यंत्रे सुधारली तरी आपण कुठे उतरतो आहोत हे माणसालाच पाहावे लागते.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जंबो विमान मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. उजवीकडे वळण घेतल्यावर विमानाचा तोल दाखवणारे एक उपकरण बिघडले आणि अंधारात, खाली समुद्र असताना, वैमानिकांना आपण किती कललो आहोत ते कळले नाही. २१३ माणसे गेली. जेआरडींसाठी हा फार मोठा घाव होता. त्यानंतर एका महिन्याने मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ते त्यांना सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमल्या गेलेल्या अधिकाऱ्याकडून कळले. आयुष्याची सेहेचाळीस वर्षे ज्या कामाला दिली, त्यातून असे बाहेर पडावे लागले. त्यांना दुःख झाले, ते त्यांनी लपवले नाही. पण कडवटपणाही बाळगला नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, तेव्हा ते गेले.

मला मात्र सर्वांत मोठे वाटतात ते १५ ऑक्टोबर १९८२ चे जेआरडी. पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी लेपर्ड मॉथ हे जुने छोटे विमान दुरुस्त करून घेतले आणि तोच मार्ग, कराची ते अहमदाबाद ते मुंबई, एकट्याने पुन्हा उडून पार केला. १९६२ मध्येही त्यांनी हे केले होते. आपल्या देशात काम करण्यातला सुरुवातीचा उत्साह आणि अचूकपणाची हौस ओसरते आहे, असे त्यांना वाटत होते; तरुणांना ती पुन्हा दाखवावी हा त्यामागचा हेतू होता. जुहूला त्या दिवशी मोठी गर्दी जमली होती. पन्नास वर्षांपूर्वी जिथे उतरले तिथेच म्हातारा माणूस पुन्हा व्यवस्थित उतरला.

१९९१ मध्ये त्यांनी टाटा समूहाची सूत्रे रतन टाटांकडे दिली. १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जिथे जन्म झाला त्याच पॅरिसमध्ये, पेर लाशेझच्या दफनभूमीत, आईवडिलांच्या शेजारी ते विसावले. फेरा पूर्ण झाला. त्याच दिवसांत टाटा समाजविज्ञान संस्थेची माणसे आपल्या भागातल्या पडलेल्या गावांतून वह्या घेऊन घराघराची नोंद करत होती. आम्हा पोरांना तेव्हा त्या नावाचा आणि या माणसाचा संबंध ठाऊक नव्हता. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, ती बातमी मी कामावर असताना वाचली आणि मला झाडाखालचा तो वर्ग आठवला.

आता स्वतःचे थोडेसे. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून कामात एक चूक झाली. शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांना घरी जायची घाई असताना, मी एक मोठा बदल नेहमीच्या तपासण्या न करता चालू यंत्रणेत सोडला. शेवटची यादी एकदा बघायला दहा मिनिटे लागली असती. ती न बघितल्यामुळे आम्ही नऊ जण दोन रात्री जागलो. चूक माझीच होती. सोमवारी मी मैदानावर फेरा घेणाऱ्या विमानाचे एक लहान चित्र छापून माझ्या टेबलासमोर चिकटवले. वैमानिकांत एक रीत आहे: उतरताना काहीही बरोबर वाटले नाही, तर शेवटच्या क्षणीसुद्धा इंजिनाचा जोर वाढवून वर जायचे आणि पुन्हा नवा फेरा घ्यायचा. त्याला कुणी अपयश म्हणत नाही. उलट जो हट्टाने उतरतो, त्याचीच चौकशी होते.

आपल्या तुकडीत भूकंपानंतर काही जणांची शाळा सुटली. कुणाला घर उभे करायचे होते, कुणाला बहिणीचे लग्न. त्यांतले दोघे पुढे बाहेरून परीक्षा देऊन शिकले, एकीने चाळिशीत पदवी घेतली. या मेळाव्याला यायला ते संकोचत आहेत असे ऐकले. त्यांना एवढेच सांगायचे आहे की जेआरडींना पदवी मिळाली नाही, अगदी जवळ आलेली शर्यत हुकली, हातची विमान कंपनी गेली. तरी प्रत्येक वेळी ते वर जाऊन पुन्हा वळून आले. उशिरा उतरलेले विमान हेही पोचलेलेच विमान असते.

मेळाव्याला सगळ्यांनी या. मैदान तेच आहे, आणि त्यावर आता धूर करायची गरज नाही.

(दहावी, १९९६ ची तुकडी)